तिसरा खांब

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. आमचा मुलींचा खो-खो संघ का मोडला, असं कुणी विचारलं की मी मोबाइल आणि शिकवण्यांकडे बोट दाखवायचो. समोरचा मान हलवायचा आणि मी सुटायचो.

सोलापुरातल्या आमच्या मैदानावर रोज सकाळी सराव असे. मी शिकवायचो. पाठलाग करताना आठ जणींना ओळीत बसावं लागतं. होटगीहून एक मुलगी सकाळच्या गाडीनं यायची, एक दिवस चुकवायची नाही. ओळ भरायला ती हमखास मिळते म्हणून मी तिला कायम बसवूनच ठेवलं. पाठीवर हात मारून कुणी खो दिल्याशिवाय बसलेलीला उठता येत नाही. आणि तिला खो देऊ नका, वेळ जातो, असं मीच बाकीच्यांना सांगितलं होतं.

वर्षभरानं ती सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, मला कुनी खोच देत न्हाय."

मी बोलायच्या आत आमची कप्तान म्हणाली, "सगळीकडं दोनच खांब असत्यात. आपल्याकडं तीन हायेत की."

पोरी हसल्या. मीही हसलो.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. आठवड्यानं वडील तिला घेऊन आले. रेल्वेच्या रुळांवर काम करणारा माणूस, मैदानाच्या कडेला चपला काढून उभा राहिला.

"सर, पोरगी खेळत न्हाय म्हनती. कारन सांगंना. काय चुकलं का तिचं?"

"तिलाच गोडी राहिली नाही," मी म्हणालो.

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वडिलांच्या चपला उचलून त्यांच्या पायापाशी ठेवल्या.

तिच्या जागी मी दुसरीला बसवलं. काही महिन्यांनी तीही गेली. मग तिसरी. शेवटी आठ जणी भरेनात. आता त्या दोन खांबांना दोरी बांधून कुणीतरी कपडे वाळत घालतं.

गेल्या वर्षी होटगी स्टेशनवर तिनंच मला ओळखलं. "गुडघं दुखत्यात व्हय, सर? बसा की," म्हणत बाकावर सरकून जागा दिली. अर्धा तास शेजारी होतो. मी गाडीला किती उशीर आहे, एवढंच दोनदा विचारलं.

म्हणायचं होतं ते असं: बाळ, तुला गोडी नव्हती हे मी खोटं सांगितलं. तू हळू आहेस हेही मीच ठरवलं. तू कशी पळतेस ते मी कधी पाहिलंच नाही. मला माफ कर.