लाल कुठली, बाई?

अण्णांनी काम केलेल्या घरात वायर दिसायची नाही. दिवा लागायचा, रेडिओ वाजायचा. पण वीज कुठून आली आणि कुठं गेली, याचा पत्ता नाही. आमच्या मुरुम गावात बाकीचे वायरमन भिंतीवर खिळे ठोकून वायरी अशा लोंबत ठेवायचे, की त्यांवर धुणं वाळत घालावं. अण्णा लाकडी पट्टी कोपऱ्याकोपऱ्यानं नेत, तिच्या खाचेत वायर बसवत, वरून झाकणपट्टी ठोकत आणि चुन्याचा हात फिरवत.

"वायर म्हंजी घरातलं भांडण, बाई," ते म्हणायचे. "भाईरच्याला दिसू न्हाई. पर कुठं हाय ते घरातल्या एकाला तरी ठावं पायजे."

मी शाळेत शिकवायचे, म्हणून मला 'बाई'. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे असतील. पण त्यांनी कधी एकेरी हाक मारली नाही. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली होती. त्याच सुमारास खांब रोवायला आलेल्या एका कंत्राटदाराच्या हाताखाली ते वायरिंग शिकले. खडीनं बोटं जाडजूड झालेली, पण त्याच बोटांनी ते प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना दोऱ्याच्या बारीक गाठी मारत. लाल वायरीला एक, काळीला दोन, हिरवीला तीन. लोक म्हणत, काय शिस्त आहे माणसाला! मलाही तसंच वाटायचं.

आमचे हे दूध सोसायटीचे संचालक आणि गाण्याचे वेडे. रेडिओ, तबकड्यांचं यंत्र, टेपरेकॉर्डर, दोन स्पीकर, आणि मग पंचाऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास टीव्ही. समोरच्या खोलीत वायरींचं नुसतं जंजाळ झालं. तेव्हा पुन्हा दुष्काळ होता; पाणी टँकरनं दिवसाआड यायचं, जनावरं छावणीत गेल्यामुळं सोसायटीचं दूध आटलेलं, वीज जेमतेम चार तास. आणि आमच्या घरात गाणी ऐकायची खोली सजत होती. मला लाज वाटायची, खरं सांगते. पण ह्यांना एकही वायर दिसायला नको होती, म्हणून अण्णांना बोलावलं.

नवीन वायरींची गुंडाळी सोडली की अण्णा मला स्वयंपाकघरातून हाक मारायचे. "या बाई, तुमची परीक्षा. सांगा बरं, ह्यातली लाल कुठली?" मी हात पुसत यायचे, बोट दाखवायचे. "पास," म्हणत ते गाठ मारायचे. बाईची परीक्षा घ्यायची त्यांना हौस आहे, असं मी धरून चालले होते. दिवसभर शाळेत पोरांशी घसा कोरडा केल्यावर तेवढीच गंमत.

एकदा मलाच चेष्टा सुचली. लाल कुठली म्हटल्यावर मी हिरवीवर बोट ठेवलं आणि हसू दाबून उभी राहिले. अण्णांनी शांतपणे तिला एक गाठ मारली. दुसरं टोकही बांधून झालं. वायर पट्टीत घालायला लागले, तेव्हा मी घाबरून म्हणाले, "अहो अण्णा, ती हिरवी आहे."

त्यांनी पक्कड खाली ठेवली. मग म्हणाले, "असली चेष्टा करू नका, बाई. मानूस मरतंय ह्यात."

त्या दुपारी ते सगळं बोलले. लाल आणि हिरवी त्यांना सारखीच दिसे. "दोनी मातीवानी," म्हणाले. दुकानात विचारलं तर बाजारभर होईल, म्हणून ज्या घरी काम त्या घरी असं हसत हसत विचारायचं, एकदा कळलं की गाठ मारायची, आणि पुढं डोळ्यांचं काम बोटांवर सोपवायचं. "आजपातुर एक वायर चुकली न्हाय. आन् आता सोसायटीच्या दूध थंड करायच्या मशीनवर कायम करत्यात मला. दुष्काळ पडला तरी पगार येतोय. लई वर्सांनी नीट झोप लागंल बगा." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुमाला ठावं झालं, बरं झालं. एकाला ठावं पायजे."

मी ते ह्यांना सांगितलं. जेवताना, भाकरी वाढता वाढता. काळजीपोटी सांगितलं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला बजावत आले. त्या मशीनवर वायर चुकली असती तर कुणाचा तरी जीव गेला असता, हे खरंच आहे. पण अण्णांची वायर कधीच चुकली नव्हती, हेही खरंच. आणि दिवसभराच्या थकव्यात नवऱ्याशी बोलायला काहीतरी नवीन मिळालं होतं, हे त्याहून खरं. हे म्हणाले, "बरं झालं बोललीस." पुढच्या सभेत, कुणाचंही नाव न घेता, कायम नेमणुकीला डोळ्यांचा दाखला हवा असं ठरलं. अण्णा दाखला आणायला गेलेच नाहीत. त्या जागेवर दुसरा माणूस आला.

मला वाटलं, आता अण्णा आमच्या दारात पाऊल ठेवणार नाहीत. पण आठ दिवसांनी आले. खोली अर्धी राहिली होती ना. पिशवीतून वायरी काढल्या, तर सगळ्यांना आधीच गाठी मारलेल्या.

"मंडळींना इचारून घरीच मारल्या," म्हणाले. "तिला बी आजपातुर ठावं नव्हतं."

काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "अण्णा, आज माझी परीक्षा नाही घ्यायची?"

ते पट्टीचा खिळा ठोकत राहिले. "न्हाय बाई," म्हणाले, "शाळा सुटली."

संध्याकाळपर्यंत खोली पुरी झाली. एक वायर दिसत नव्हती. चहा ठेवला होता, तो गार झाला. पुढं ते लेकीकडं सोलापूरला गेले, आणि तिकडंच वारल्याचं कानावर आलं. माफी मागायची राहिली. मागितली असती तरी त्यांनी 'असू द्या' म्हटलं असतं, आणि ते मला ऐकवलं नसतं.

आमचे हेही आता नाहीत. परवा मुलानं नवा टीव्ही पाठवला आणि तो बसवायला एक माणूस आला. त्यानं जुनी पट्टी उचकटली. आत चाळीस वर्षांचा चुना आणि धूळ बसून तिन्ही वायरी एकाच मातकट रंगाच्या झाल्या होत्या. त्यानं पुसून पाहिलं, बॅटरी मारून पाहिलं, आणि वैतागून माझ्याकडं वळला.

"ह्यातली लाल कुठली, बाई?"

मी भिंतीला धरून खाली बसले. डोळे मिटून एकेका वायरीवरच्या गाठी बोटांनी मोजल्या, आणि त्याला सांगितलं.