दार कधी उघडावं

माझ्या वहिनीला ऑफिसात 'म्हणजेबाई' म्हणतात. कुणी काहीही सांगितलं की हिचा पहिला प्रश्न, "म्हणजे?" घरात आम्हीही त्यातून सुटलेलो नाही.

ती लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे. लिफ्टने कधी काय करावं याच्या व्याख्या ती चिन्हांच्या भाषेत लिहिते. एक व्याख्या दुसरीशी भांडत नाही ना, हे कॉम्प्युटर तपासतो. माणसांच्या मात्र त्या डोक्यावरून जातात. म्हणून साहेबांनी फर्मान काढलं, प्रत्येक व्याख्येवर साध्या भाषेत एक वाक्य लिहा. बाकीच्यांनी नाकं मुरडली. वहिनी कंबर कसून कामाला लागली.

तिची पद्धत मजेशीर. संध्याकाळी दादा भांडी घासतो, ती ओट्याशी उभी राहून वाक्यं वाचते आणि दादाने प्रत्येक वाक्याला "म्हणजे?" म्हणायचं. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण म्हणतो बिचारा.

त्या दिवशी शेवटची व्याख्या उरली होती. नव्या इस्पितळाच्या लिफ्टची, वहिनीची लाडकी. कॉम्प्युटरने ती पहिल्या फटक्यात पास केली होती आणि तिच्याच जोरावर दुसऱ्या दिवशी वहिनी गटाची प्रमुख होणार होती.

"लिफ्ट थांबली की दार उघडावं," वहिनीने वाचलं.

"म्हणजे?" दादा कढई खरवडत म्हणाला.

"म्हणजे थांबली की. वर, खाली, कुठेही..."

तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. मग कपाळावर हात मारला. "अरे देवा! दोन मजल्यांच्या मधे अडकली तरी उघडेल की रे!"

"मग आता?"

"आता काय, उद्या सांगायचं."

"प्रमुख झाल्यावर सांग," मी आगाऊपणा केला. तिने असं काही पाहिलं की मी गुपचूप भांडी पुसायला घेतली.

दुसऱ्या दिवशी तिने चूक सांगितली, तसं साहेबांचं तोंड उतरलं. "चाचणी होऊ दे, मग प्रमुखपदाचं बघू," म्हणाले. वहिनीने व्याख्या सुधारली, वाक्यही बदललं: 'लिफ्ट मजल्याला लागून थांबली, तरच दार उघडावं.' त्याखाली आणखी एक लिहिलं: 'आधी इथे मजल्याची अट नव्हती. माझ्याकडून राहिली होती.' मला तिचा फार अभिमान वाटला.

चाचणीला आम्हीही गेलो. वहिनी हट्टाने एकटीच आत उभी राहिली. लिफ्ट मुद्दाम दोन मजल्यांच्या मधे थांबवली. आम्ही बाहेर, खालच्या मजल्यावर उभे. दार हललंसुद्धा नाही.

"नाही उघडलं!" आतून वहिनीची आरोळी आली.

"म्हणजे?" दादा खालून ओरडला.

बंद दारामागे वहिनी खो खो हसत सुटली. साहेबांनाही हसू आवरेना.

"म्हणजे," ते म्हणाले, "आता प्रमुखबाईंना बाहेर काढा."