मिस ग्रेस लक्ष्मी

आमच्या ऑफिसच्या पँट्रीत एक ड्रॉवर आहे. बाहेरून मागवलेल्या जेवणाबरोबर आलेली सॉसची पाकिटं त्यात साठतात. मुद्दाम कुणी ठेवत नाही, टाकूनही कुणी देत नाही, आणि एक दिवस तो ड्रॉवर उघडेनासा होतो. बँकेतल्या किश्श्यांचं माझ्या डोक्यात तसंच झालंय. तेव्हा आज सगळा ड्रॉवर उपसते. नावं अर्थातच बदलली आहेत.

मी अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये एका बँकेच्या गृहकर्ज विभागात आठ वर्षं आहे. ग्राहकांकडून कागद गोळा करायचे आणि हॅरल्डकडे पाठवायचे, हे माझं काम. हॅरल्ड म्हणजे कर्जाला हो किंवा नाही म्हणणारा माणूस. तो दुसऱ्या राज्यात बसतो. त्याला आमच्यापैकी कुणीही पाहिलेलं नाही. तो फक्त फाईलवर शेरे मारतो आणि आम्ही ते शेरे निस्तरतो.

आमच्या राज्यात फोनवरून खेळांवर पैजा लावणं कायदेशीर झालं आणि आमचं काम दुप्पट वाढलं. लोकांच्या स्टेटमेंटमध्ये किराणा, पेट्रोल आणि पैजेचं अ‍ॅप अशा ओळी शेजारीशेजारी दिसायला लागल्या. तेव्हापासून बँकेचं धोरण मला पाठ झालंय. जुगारात हरतो तो ग्राहक, जिंकतो तो संशयित.

* * *

एका इंजिनियर बाईंची फाईल आली. दर महिन्याला दोनशे डॉलर पैजेच्या अ‍ॅपला जायचे आणि दोन वर्षांत एक सेंटही परत आला नव्हता. मला वाटलं, आता हिचं कर्ज अडकतंय. मी हॅरल्डला चांगली पानभर टीप लिहिली, बाईंची नोकरी किती पक्की आहे वगैरे. हॅरल्डचा शेरा आला, "नियमित खर्च. हरकत नाही."

पुढच्याच आठवड्यात एका निवृत्त स्कूलबस ड्रायव्हरची फाईल आली. आयुष्यात एकदा पैज लावली आणि नऊशे डॉलर जिंकला बिचारा. हॅरल्डने तीन कागद मागितले आणि वर एक प्रश्न विचारला, "हे पुन्हा घडण्याची शक्यता आहे का?"

मी म्हाताऱ्याला फोन करून प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवला. तो म्हणाला, "आशा तर आहे, बाई."

मी मूर्खासारखं तेच उत्तर फाईलवर लिहिलं. फाईल आणखी चार दिवस अडकली.

* * *

आमच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये तुमचे खर्च रंगीत चित्रांसकट दिसतात. पैजेच्या अ‍ॅपला भरलेले पैसे 'मनोरंजन' या सदरात येतात आणि शेजारी एक लाल फुगा असतो. पण तेच पैसे क्रेडिट कार्डावरून भरले, तर बँक म्हणते तुम्ही कार्डातून रोकड काढलीत, आणि त्याची वेगळी फी लावते.

एक गृहस्थ फोन आणि बिल दोन्ही घेऊन आमची मॅनेजर शेरिल हिच्यापुढे बसले. "मॅडम, हे नक्की काय समजायचं, मनोरंजन की रोकड?"

शेरिलने दोन्ही नीट पाहिलं आणि म्हणाली, "तुमच्यासाठी मनोरंजन. आमच्यासाठी रोकड."

* * *

याच शेरिलची मार्च महिन्यातली गंमत. मार्चमध्ये इकडे कॉलेजच्या बास्केटबॉलचं वेड लागतं. कोणती टीम जिंकणार याचा तक्ता भरायचा, प्रत्येकी वीस डॉलर द्यायचे, ज्याचा तक्ता बरोबर त्याला सगळे पैसे. शेरिल स्वतः खाकी पाकीट घेऊन टेबलोटेबली फिरते.

त्याच आठवड्यात आम्हाला नीतिमत्तेचं ऑनलाइन ट्रेनिंग होतं. त्यात प्रश्न होता, "सहकाऱ्यांकडून पैसे गोळा करून खेळावर पैज लावणे योग्य आहे का?" आम्ही सगळ्यांनी 'नाही'वर टिक केलं, सर्टिफिकेट घेतलं आणि शेरिलच्या पाकिटात वीस वीस डॉलर टाकले.

जिंकली शेरिलच. तिने आमच्याच ब्रँचमध्ये पैसे भरले आणि कुणी काही विचारलं नाही. मी म्हटलं, "शेरिल, हे पैसे कुठून आले याचं पत्र जोडावं लागेल हं." तिला मुळीच हसू आलं नाही. "हा जुगार नाही, व्हंदॅना," ती म्हणाली (वंदनाचं ती असंच करते), "हे टीम बिल्डिंग आहे."

* * *

आता नितीन सबनीसकडे येते, कारण मुळात हा ड्रॉवर त्याच्यामुळेच उघडला.

नितीन पुण्याचा, इथे आयटीत. त्याची बायको अपर्णा आणि सहा वर्षांची मुलगी इरा. आमची ओळख मराठी मंडळाच्या पॉटलकपुरती, म्हणजे आपापला पदार्थ घेऊन जमतो तेवढ्यापुरती. अपर्णाच्या व्हिसावर तिला नोकरी करता येत नाही, त्यामुळे घराच्या कर्जासाठी अर्ज एकट्या नितीनच्या नावाने होता. बचतखातं मात्र दोघांचं. राहतं अपार्टमेंट महिनाअखेरीला सोडायचं होतं. नव्या घराच्या मालकाकडे दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. शुक्रवारी सह्या झाल्या नाहीत तर घर गेलं आणि इसाराचे पैसेही गेले.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. दोन वर्षांपूर्वी पैजांमध्ये हात पोळल्यावर नितीनने अपर्णापुढे इराची शपथ घेतली होती की पुन्हा त्या अ‍ॅपला हात लावणार नाही. हात लावला. आणि क्रिकेटच्या पाच सामन्यांचे निकाल एकाच पैजेत बरोबर येऊन चौतीस हजार डॉलर जिंकला.

जिंकलेले पैसे खात्यात यायला निघाले, तशी बँक जागी झाली. त्याने अ‍ॅपमध्ये पन्नास वेळा पैसे भरले तेव्हा बँकेने एकदाही फोन केला नव्हता. आता लगेच केला. इकडे पैजा घेणाऱ्या कंपनीला स्पोर्ट्सबुक म्हणतात. नितीन तेव्हा ड्राइव्ह करत होता, शेजारी अपर्णा, मागे इरा, आणि फोन ब्लूटूथवर. साऱ्या गाडीत आवाज घुमला, "मिस्टर सबनीस, एका स्पोर्ट्सबुककडून मोठी रक्कम येत आहे. आपण यांना ओळखता का?"

अपर्णा म्हणाली, "कसलं बुक?"

"इराच्या शाळेचं असेल गं काहीतरी," नितीन म्हणाला.

मागून इरा म्हणाली, "नो बाबा, वी डोन्ट हॅव दॅट बुक."

बँकेची बाई वाट बघत होती. नितीन म्हणाला, "नो मॅडम. मी यांना ओळखत नाही."

"सावधगिरीबद्दल आभार," बाई म्हणाली आणि चौतीस हजार डॉलर आल्या वाटेने परत गेले.

* * *

अकरा दिवसांनी तेच पैसे आपोआप खात्यात आले. का आले, कसे आले, नितीनला पत्ता नाही. त्याने विचारायचं धाडसही केलं नाही. घराचे पैसे भरायला ते लागणारच होते, म्हणून त्याने ते अर्जात दाखवले. अर्थातच हॅरल्डचा शेरा आला, "ही रक्कम कुठून आली? ग्राहकाने स्वतःच्या शब्दांत पत्र द्यावे."

स्वतःच्या शब्दांत पत्र लिहायला सांगितलं की आपली माणसं थेट शाळेत जातात. नितीनने 'रिस्पेक्टेड सर' पासून सुरुवात केली, 'आय बेग टू स्टेट' लिहिलं. पैज हा शब्द लिहायचा नव्हता, कारण बँकेचे कागद घरी पोस्टाने येतात. खोटंही लिहायचं नव्हतं, कारण व्हिसाची भीती. म्हणून त्याने लिहिलं की ही रक्कम आम्हाला लक्ष्मीच्या कृपेने मिळाली. इंग्रजीत, 'बाय ग्रेस ऑफ लक्ष्मी'. खाली सही आणि 'युवर्स ओबिडियंटली'.

आमच्या घरी बुद्धवंदना होते, लक्ष्मीपूजन होत नाही. तरीही त्या पत्रात काय गडबड आहे हे मला एका नजरेत कळलं असतं. पण त्या दिवशी मी सुट्टीवर होते आणि पत्र परस्पर हॅरल्डकडे गेलं. सोमवारी आले तर शेरा तयार होता.

"मिस ग्रेस लक्ष्मी यांचे ग्राहकाशी नाते काय? त्यांच्याकडून रक्कम भेट म्हणून दिल्याचे पत्र, ओळखपत्र आणि सही घ्यावी."

मी हॅरल्डला कळवलं की लक्ष्मी ही व्यक्ती नाही, देवता आहे. एका तासात उत्तर आलं, "ठीक. ओळखपत्र माफ. पत्र आणि सही आवश्यक."

आमच्या सिस्टिममध्ये एकदा मागितलेला कागद रद्द करता येत नाही. तो मिळाला, असंच लिहावं लागतं. मी शेरिलकडे गेले. तिने खांदे उडवले आणि म्हणाली, "देवळातून कुणी सही करून देणार नाही का?"

* * *

बुधवारी सकाळी अपर्णा माझ्या टेबलासमोर उभी राहिली. हातात बँकेचं पोस्टाने आलेलं पत्र. मागे धापा टाकत नितीन.

"वंदनाताई, ही ग्रेस कोण? आणि ती माझ्या नवऱ्याला चौतीस हजार डॉलर का देते?"

"अपर्णा, ग्राहकाची माहिती मला सांगता येत नाही गं."

"मी ग्राहकाची बायको आहे."

"तू अर्जावर नाहीस."

हे बोलले आणि मला माझीच लाज वाटली. घर हिने शोधलं, भिंतींची मापं हिने घेतली, आणि बँकेच्या लेखी ही कुणीच नाही. असल्या बँकेचा मी पगार घेते याचा तेव्हा मला मनापासून राग आला.

अपर्णा नितीनकडे वळली. तो ग्रेस आणि जुगार यांतलं कोणतं स्वस्त पडेल याचा अंदाज घेत होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी तो म्हणाला, "पैजेचे आहेत. शपथ घेतल्यानंतरचे."

"माहितीये," अपर्णा म्हणाली.

नितीनने मान वर केली.

"गाडीत फोन आला तेव्हाच कळलं मला. घरी येऊन खातं बघितलं आणि बँकेला फोन लावला. पावणेतीन तास होल्डवर होते, चार डिपार्टमेंट झाली. खातं दोघांचं आहे, मी ओळखते त्यांना, परत पाठवायला सांगा, म्हटलं. म्हणून आले पैसे. तू कधी सांगतोयस ते बघत होते मी. आणि तू क्रेडिट दिलंस लक्ष्मीला."

"मग तू का नाही बोललीस?"

"कारण मला घर हवंय. इराची शाळा दोनदा बदलली आपण. तिसऱ्यांदा मी बदलणार नाही." मग तिने माझ्याकडे हात पुढे केला. "ताई, खरं काय ते पत्र मीच लिहून देते, याच्या अ‍ॅपच्या कागदासकट. आणि त्या लक्ष्मीचा फॉर्मही द्या."

मी दिला. तिने नाव लिहिलं, अपर्णा सबनीस. नातं, पत्नी. खाली एक रकाना असतो, तुम्हाला आणखी कोणत्या नावाने ओळखतात. तिथे तिने लिहिलं, लक्ष्मी.

"अपर्णा, हा बँकेचा कागद आहे," मी म्हटलं.

"खरंच आहे ते. लग्नात यानेच ताटातल्या तांदळात अंगठीने हे नाव लिहिलंय. सासूबाईंना हवं होतं. विचारा त्याला."

नितीनने मान हलवली.

सहीच्या वर एक छापील ओळ असते, ही रक्कम परत मिळण्याची माझी अपेक्षा नाही, म्हणजे ती भेट आहे, कर्ज नाही. अपर्णाने ती दोनदा वाचली. मग माझं पेन उचललं, ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत खोडली आणि सही ठोकली. मी कागद स्कॅन केले.

गुरुवारी हॅरल्डचा शेरा आला. "ओळख पटली. मात्र देणाऱ्या व्यक्तीने सहीच्या वरची ओळ खोडली आहे. म्हणजे परतफेड अपेक्षित आहे. ती कशी आणि किती वर्षं, ते कळवावे."

सह्यांना एक दिवस उरला होता. मी अपर्णाला फोन करून शेरा वाचून दाखवला. तिने क्षणभरही विचार केला नाही.

"लिहा ताई. रोजची भांडी. मुदत नाही."

मी जसंच्या तसं लिहून पाठवलं. वीस मिनिटांत उत्तर आलं.

"रोख नाही, म्हणजे कर्ज नाही. मंजूर."