वरच्या म्चेंगातलं एक घर

गावचा प्रमुख असलेला मामा वारला त्या वर्षी गावातल्या पाच म्हाताऱ्या मलिता चिकोपाच्या अंगणात येऊन बसल्या त्या उठेचनात. गादी मामाकडून भाच्याकडे जायची, आणि भाचा म्हणजे मलिताचा धाकटा भाऊ जैलोसी. तो बोलायला गोड, दिसायला रुबाबदार. पण सकाळी दिलेला शब्द दुपारी विसरायचा. म्हाताऱ्यांना तो नको होता.

मलिता तेव्हा एक्कावन्न वर्षांची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेकीचं लग्न झालेलं. बाजारात चिंचेच्या झाडाखाली बसून ती मंडासी तळायची. गरमगरम गोड वडे, चहाबरोबर खायला.

"मला भांडणं सोडवता येत नाहीत," ती म्हणाली.

"कुणाला येतात?" सगळ्यांत म्हातारी म्हणाली. "ऐकून घेता येतं ना तुला? मग झालं तर."

असं ती म्चेंगा गावाची प्रमुख झाली. परवा परवापर्यंत तिला 'ए मलिता, दोन जास्त घाल' म्हणणारे लोक गुडघा टेकून 'अमफुमु' म्हणायला लागले. ते तिला कधी अंगवळणी पडलं नाही. मामाची खुर्ची आणि गावाचा रबरी शिक्का घरात आला. बाजारातली कढई तिने बहिणीला, एसनातीला देऊन टाकली, कारण गावाच्या अमफुमुने वडे तळणं बरं दिसत नाही असं सगळ्यांचं मत पडलं. बाजारातल्या गप्पाही कढईबरोबर गेल्या.

तिसऱ्या वर्षी मार्चात वादळ आलं. आधी रेडिओवर आलं, मग आभाळात. दोन दिवस पाऊस थांबला नाही. शिरे नदीचं पाणी चहासारखं झालं, त्यात उपटलेली झाडं वाहून यायला लागली. मलिताने जिल्ह्याच्या कचेरीत फोन लावला. आपत्तीचं काम बघणारे लिफासाहेब फोनवर आले.

"सावध राहा अमफुमु, पण लोक हलवू नका. वरून आदेश नाही. हलवलेत तर त्यांना खायला कोण घालणार? तंबू कुठून आणू मी? पुढची सूचना येईल, तिची वाट बघा."

ती वाट बघत बसली. दिवसभर लोक येत राहिले. डोक्यावर पदरासारखं प्लास्टिक धरून दारात उभं राहून विचारायचे, "अमफुमु, निघायचं का?"

"सूचना येऊ द्या."

एसनातीसुद्धा येऊन गेली. "तुला काय वाटतं ते सांग," ती म्हणाली. "साहेबाला काय वाटतं ते राहू दे."

"मला काय कळतंय गं वादळातलं?" मलिता म्हणाली.

पहाटे पाणी गावात शिरलं. बांध कुठे फुटला ते कुणी पाहिलं नाही. लोक आंब्यांवर चढले, शाळेच्या पत्र्यावर चढले. अकरा माणसं गेली. एसनाती कणगीच्या खांबाला धरून उभी होती असं एकाने पाहिलं होतं. मग खांबही दिसला नाही आणि तीही. तिचं प्रेत मिळालं नाही.

मलिताला कुणी बोल लावला नाही. उलट लोक म्हणायचे, तुम्ही तरी काय करणार, वरून सांगितलंच नाही. पण पुरानंतर उभारलेल्या तंबूंमधून ती चालत गेली की बायकांचं बोलणं मध्येच थांबायचं आणि ती पुढे गेली की पुन्हा सुरू व्हायचं. कुणीतरी तोंडावर शिव्या घालाव्यात असं तिला वाटायचं. कुणी घातल्या नाहीत.

महिन्याभराने लिफासाहेब आले. केशरी जॅकेट घातलेलं, घसा बसलेला, डोळे झोपेविना लाल. माणूस वाईट नव्हता. पेटीवर उभं राहून त्यांनी सांगितलं, "खालचं गाव राहण्यालायक उरलं नाही असं सरकारने ठरवलंय. वर माळावर जागा दिलीय. तिथे हापसे होतील, शाळा होईल, दवाखाना होईल."

"कधी?" मलिताने विचारलं.

"आधी तुम्ही या. माणसं असली की सगळं येतं."

तिने सही केली, शिक्का मारला. आणि एकशे चाळीस घरं घेऊन ती माळावर चढली. सगळ्यांच्या पुढे ती चालत होती. त्या दिवशी तिला पहिल्यांदा वाटलं की आपण खरंच कुणाच्या तरी पुढे चालतोय.

माळ म्हणजे दगड. कुदळ मारली की ठिणगी उडायची. यंत्र आलं, बोअर मारला, हापसा बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिली बादली भरली आणि पहिल्या बाईने घोट घेऊन थुंकला. पाणी खारट होतं, डाळसुद्धा शिजेना त्यात. यंत्र निघून गेलं. दुसरीकडे बोअर मारू म्हणाले. गोड पाणी आणायला खाली उतरून पुन्हा चढून यायला सगळी सकाळ जायची.

पाऊस झाला तसं खालची मळई हिरवी दिसायला लागली. वरून सगळ्यांना दिसायची. एकेक जण दारात येऊन उभा राहायचा.

"आम्ही नुसता मका लावून येतो, अमफुमु."

"या."

"भांडी इथेच ठेवतो."

मका लावायला गेलेले राखायला थांबले, राखणीला थांबलेले कापणीला थांबले. मग भांडी न्यायला आले. भांडी नेताना कुणी तिच्या नजरेला नजर देत नव्हतं. लेक फायनेसी गेली त्या दिवशी मात्र दारात बसून रडली.

"तू पण चल ना अमाई. पोरांना पाणी नाही इथे, मी काय करू?"

"तू जा. पोरांचं बघ."

"आणि तू?"

"मी सही केलीय."

"सरकारने पण केली होती," फायनेसी म्हणाली. "ते कुठे बसलेत इथे?"

मलिताच्या मनात जे होतं ते लेकीला सांगण्यासारखं नव्हतं. आपण खाली गेलो तर वर गाव होतं हेच कचेरी विसरेल. आणि पुन्हा पाणी आलं तर लोकांना चढून यायला वर दिवासुद्धा नसेल. एकदा ती खाली बसून राहिली होती. आता वर बसून राहील.

वर आल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षाअखेर माळावर एकच चूल पेटत होती. सोडलेल्या घरांची गवताची छपरं आधी एका बाजूला कलली, मग आत बसली. वाऱ्याने दारं वाजायची. सुरुवातीला ती उठून बघायची कोण आलं, मग बघेनाशी झाली. तीन शेळ्या होत्या. रोजच्या जेवणाची मक्याची न्सिमा घोटताना हात सवयीने पातेलंभर पीठ घ्यायचा, निम्मं ती परत काढून ठेवायची. कधी कधी दोन-दोन दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही, आणि मग शेळीला हाक मारली की स्वतःचाच आवाज परका वाटायचा.

खाली मयत झालं की ती जायची. तिला खुर्ची मिळायची, सगळे गुडघे टेकायचे, आणि माती झाली की ती एकटी चढ चढून परत यायची. कागदावर शिक्का हवा असला की लोक वर यायचे, घाम पुसत, वैतागलेले.

जैलोसी एकदा मुद्दाम आला. दगडावर बसला, टोपीने वारा घेतला.

"काय राज्य आहे तुझं!" तो म्हणाला. "तीन शेळ्या आणि एकशे चाळीस पडकी घरं. अमफुमु, शिक्का माझ्याकडे दे. एका दाखल्यासाठी गरोदर बाई एवढं चढून आली काल."

"कोण? फातिमाची सून? मी तिला चहा दिला. इथेच बसून आराम केला तिने."

"लोक हसतात तुला. डोंगरातली म्हातारी म्हणतात."

"हसू देत. हसायला वर तर बघतात ना?"

तो उठला. जाताना बहिणीच्या घरातलं रिकामं मडकं हलवून पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी सायकलवर गोड्या पाण्याचे दोन कॅन आले. कुणी पाठवले ते सायकलवाल्याने सांगितलं नाही.

महिन्यातून एकदा ती कचेरीत जायची. बाकावर बसायची. लिफासाहेबांची बदली झाली होती. त्यांच्या जागी तमांडा नावाची तिशीची बाई आली होती, टेबलावर फायलींचा ढीग आणि दारात बिना डिझेलची जीप.

"वरच्या म्चेंगात सध्या किती लोक राहतात, अमफुमु?"

मलिताने खरं सांगितलं. "एक."

तमांडाने पेन खाली ठेवलं. "एका माणसासाठी पाण्याची योजना मंजूर होत नाही हो."

"पाणी नाही म्हणून एक आहे. पाणी द्या, मग मोजा."

"मला कळतंय. कागदाला कळत नाही."

"मग कागदाला घेऊन या एकदा वर."

तमांडा हसली. पण पुढच्या महिन्यात ती खरंच आली, भाड्याच्या मोटरसायकलवर, धुळीने माखून. खारट पाण्याचा घोट तिने थुंकला नाही, गिळला. मलिताने तिला वरच्या कड्याकडे नेलं. तिथे अंजिराच्या मुळाशी गोड्या पाण्याचा झरा होता, बारमाही, पण हंडा घेऊन उतरता येऊ नये अशा जागी. तमांडाने फोटो काढले, अंतर पावलांनी मोजलं. "पाइप टाकला तर पाणी आपोआप खाली उतरेल," ती म्हणाली. प्रस्ताव गेला आणि राजधानीत कुठेतरी बसून राहिला.

मग माळावरच्या चौथ्या वर्षीचा फेब्रुवारी आला. मलिताला वरून नदी पूर्ण दिसायची. त्या सकाळी नदी रुंद झालेली दिसली, आणि पलीकडच्या बेटावरचे बगळे उडून गेले ते परत बसले नाहीत. तिने तमांडाला फोन लावला.

"मी काल दुपारीच वर कळवलंय," तमांडा म्हणाली. आवाज पडलेला होता. "अजून परवानगी नाही. अधिकृतपणे मला काही सांगता येत नाही, अमफुमु."

"अधिकृत नको. तू माझ्या जागी असतीस तर?"

"आत्ता निघाले असते," तमांडा म्हणाली. "आणि उद्या कुणी विचारलं, तर मी सांगितलं म्हणून सांगा. माझं नाव घ्या."

मलिता खाली उतरली. पाऊस नव्हता, ऊन पडलं होतं, आणि तेच कठीण गेलं. लोक भेंडी तोडत होते. जैलोसीच्या अंगणात सात-आठ पुरुष सोंगट्या खेळत बसले होते.

"उठा," ती म्हणाली. "पोरं घ्या, पीठ घ्या, वर चला."

"आभाळ तरी बघ," जैलोसी म्हणाला. "गेल्या वर्षी पण तू असंच म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. पुढच्या वर्षी पण म्हणेन."

"सरकारचा आदेश आहे का?"

"नाही. माझा आहे." तिने कमरेच्या कापडाचा काठ मुठीत धरला. "मागच्या वेळी तुम्ही मला विचारत होतात, निघायचं का. मी तुम्हाला थांबवलं. एसनाती विचारायला आली, तिलाही थांबवलं. अकरा माणसं माझ्या सांगण्यावरून थांबली. तुम्ही कधी बोलला नाहीत, म्हणून मीच बोलते."

पुरुष जमिनीकडे बघत राहिले. पण कुंपणापलीकडून ऐकणाऱ्या बायका घरात शिरल्या आणि गाठोडी घेऊनच बाहेर आल्या. फायनेसी सगळ्यांत पुढे होती. दिवस मावळायच्या आत सहाशेवर माणसं माळावर होती. जैलोसी तेवढा खाली राहिला, बैल सोडवत नाहीत म्हणून.

पाणी दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. वरून सगळ्यांनी ते येताना पाहिलं. कुणी ओरडलं नाही. शाळेचा पत्रा दिसेनासा झाला तेव्हा एक म्हातारी खाली बसली एवढंच. जैलोसीला तिसऱ्या दिवशी होडीवाल्यांनी आंब्यावरून उतरवलं. तो वर आला, मलितासमोर गुडघे टेकले, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून बसून राहिला. या पुरात कुणीही मेलं नाही.

तीन आठवडे माळ भरून गेला. पडक्या घरांवर ताडपत्र्या चढल्या. धूर, पोरांची रडारड, बायकांची पाण्यावरून भांडणं. मलिताच्या एका खोलीत चौदा जणं झोपत होती. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आलं होतं, आणि एवढ्या आवाजात तिला झोप लागत नव्हती. ती उठून शेळ्यांपाशी जाऊन बसायची.

तमांडा आली, माणसं मोजली, फोटो काढले. या वेळी प्रस्तावाला माणसांचे फोटो चिकटवलेले होते. पुढच्या वर्षी झऱ्यावरून पाइप उतरला, तीन नळ बसले. उद्घाटनाला राजधानीतून मोठे साहेब आले. सरकारच्या दूरदृष्टीबद्दल बोलले. भाषणात तमांडाचं नाव नव्हतं. परवानगीशिवाय लोक हलवल्याबद्दल तिच्याकडून लेखी खुलासा मागवला होता आणि उत्तरेला बदलीही झाली होती. मलिता मागे मांडवाच्या काठीला टेकून उभी होती. साहेबांनी नळ सोडला तेव्हा तिने फोन काढून तमांडाला लावला आणि नळाकडे धरला.

"ऐकू येतंय," पलीकडून तमांडा म्हणाली. "गोड आहे ना?"

"गोड आहे."

नळाचं पाणी आल्यावर एकोणतीस घरं वर राहिली. बाकीची मळईकडे गेली, पण भांडी या वेळी खरंच ठेवून गेली. फायनेसीने नळाजवळ घर बांधलं आणि आईसाठी शेजारी जागा राखून ठेवली. मलिता तिथे गेली नाही. तिने नवं घर बांधलं ते शेवटच्या घराच्याही पुढे, कड्याच्या बाजूला, हाक मारली तर ऐकू येईल न येईल अशा अंतरावर. लेक अजून चिडते. रोज संध्याकाळी झाकलेली ताटली घेऊन तेवढं चालत जाते आणि गेल्यावर बडबडते. मलिता ऐकून घेते, जेवते, ताटली धुऊन परत देते, आणि लेक उतारावरून दिसेनाशी होईपर्यंत दारात उभी राहते.