दिव्यात गेलेलं गाजराचं तेल

माझी मुलगी गाजराच्या सालींतून रंग काढायची. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिचं तेच काम होतं. त्या रंगात डोळ्यांना उपयोगी असं काही असतं म्हणे. आधी ती तो पेट्रोलसारख्या वासाच्या रसायनात उतरवायची. घरी आली की ओढणीला वास यायचा. मग तिने ते सोडलं आणि साधं सूर्यफुलाचं तेल घेतलं. साली वाळवून दळायच्या, तेलात घालून बेताच्या गरमीवर हलवत राहायचं, गाळायचं. रसायनासारखं नंतर काही उडवून टाकावं लागत नाही, तेलासकट खाता येतं. त्या तेलाला ती हरित द्रावक म्हणायची.

मी चौथी शिकलेली. म्हटलं, "नाव केवढं, आणि काम फोडणीचं."

"आई, तुझी फोडणी जळते," ती म्हणाली. "माझी जळली तर रंग मेला."

हिवाळ्यात ती हलवायाकडून सालींच्या पिशव्या भरून आणायची. खालची गुजराती भाजीवाली साली बघून विचारायची, "बेन, घेर गाय बांधी छे के?"

"हा, आ रही मारी गाय," असं म्हणून ती माझ्याकडे बोट दाखवायची.

एक बाटली तिने घरच्या फ्रिजमध्ये ठेवली होती, चंदेरी कागदात गुंडाळून. घरचा फ्रिज दिवसभर उघडतो, मध्येच लाइट जाते. तिथे रंग किती टिकतो ते तिला बघायचं होतं. तेवढं मोजलं की काम पुरं होणार होतं.

त्याआधी ती गेली. डोक्यातली नस फुटली. सकाळी चहा पिऊन कामावर गेली आणि दुपारी मला दवाखान्यातून फोन आला. तिने लग्न केलं नव्हतं. घरात आम्ही दोघीच होतो.

प्रतापनगरहून माझी धाकटी जाऊ सोबतीला आली. आमच्यात माणूस गेलं की दहाव्यापर्यंत पिठावर दिवा ठेवतात, ज्योत दक्षिणेला. तो विझू द्यायचा नाही. विझला तर गेलेल्याच्या वाटेवर अंधार होतो म्हणतात. माझा विश्वास नाही. जावेचा आहे, म्हणून दिवा तीच सांभाळत होती.

मुलीबरोबर काम करणाऱ्या गुजराती मुलीचा फोन आला. ती मला बा म्हणते, म्हणजे आई. म्हणाली, "बा, ती बाटली जपा. मी उद्या येते. मोजते आणि तिचं काम तिच्या नावाने पुरं करते."

मी फ्रिज उघडला. बाटली नव्हती. मोरीजवळ धुऊन पालथी घातलेली दिसली.

"यातलं तेल कुठे आहे?"

"दिव्यात घातलं," जाऊ म्हणाली. "तिळाचं संपलं. स्वयंपाकाच्या डब्यातलं कसं घालू? हे केशरी होतं, कागदात जपून ठेवलेलं. मला वाटलं पूजेचं असेल, जाऊबाई."

दिव्यात अजून थोडं तेल होतं. मी त्याच्यापुढे बसले तसं मी काय करणार ते तिला कळलं.

"हात लावू नका. पोर अंधारात राहील."

"पोरीचं काम आहे त्यात," मी म्हणाले, आणि चिमटीने वात विझवली. तेल गाळून बाटलीत भरलं, कागद गुंडाळला. जावेने शेजारून तूप मागून आणलं आणि दिवा पुन्हा लावला. पण विझला तो विझलाच होता. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली. बाटली खिडकीशी धरून बघत राहिली. केशरी रंग जाऊन तेल मळकट पिवळं झालं होतं, त्यात काजळी तरंगत होती.

"बा, हवे कंई नहीं थाय," ती म्हणाली. आता याचं काही होणार नाही.

"कळलं," मी म्हणाले. "फोडणी जळली."

ती रडायला लागली. मी तिला पाणी दिलं. मग विचारलं, "पुन्हा करता येईल का?"

"येईल. पुढच्या थंडीत, नव्या साली आणून." बाटली खाली ठेवत म्हणाली, "पण ते मी केलेलं असेल, बा."

ती बाटली ठेवूनच गेली. संध्याकाळी जाऊ पहिल्यांदा बोलली. "या तेलाचं काय करू?"

"दिव्यात घाल."

दहाव्यापर्यंत ते पुरलं नाही.