वडिलांचा व्यवसाय आणि दोन बेडरूम

सांगलीत भाड्याचं घर बघायला गेलं की दोन प्रश्न ठरलेले. एक भाडेकरूचा : पुराचं पाणी कुठपर्यंत आलं होतं? दुसरा मालकाचा : आडनाव काय? मी माझा प्रश्न विचारेपर्यंत समोरून दुसरा आलेला असायचा. आडनाव सांगितलं की मालकांना एकदम आठवायचं, त्यांचा मुलगा पुण्याहून परत येणार आहे. त्या उन्हाळ्यात इतके मुलगे सांगलीला परत येणार होते की पुणं ओस पडलं असतं.

पण मीही हट्टाला पेटले होते. मला टू बीएचकेच हवा होता. मी एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. पाच वर्षं दोघी-तिघींबरोबर एका खोलीत काढली होती, आणि आता पगार असा झाला होता की रहिमतपूरहून आई-आब्बांना आणून त्यांना स्वतंत्र खोली देता आली असती. दार असलेली खोली. आमचं गावचं घर म्हणजे एकच लांबट खोली, निम्म्यात कापूस आणि निम्म्यात आम्ही. आब्बा पिंजारी. लोकांच्या जुन्या गाद्या उसवायच्या, कापूस पिंजून परत खोळीत भरायचा आणि दाभणानं टाके घालायचे. आई उशा शिवायची. आपल्या आमटीत मोहरीपेक्षा कापूस जास्त असतो, असं मी म्हणायची आणि आईचा धपाटा खायची. भिंतीला गाद्यांची थप्पी असायची, पण आम्ही झोपायचो सतरंजीवर. गिऱ्हाइकाच्या गादीला पाठ लावायची नाही, हा आब्बांचा कायदा होता.

शेवटी विश्रामबागेच्या मागच्या बाजूला पहिल्या मजल्यावरचं एक घर सापडलं. खाली मालकीणबाई राहायच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. एजंटानं मला गेटातच पढवून ठेवलं, "मॅडम, वडील काय करतात विचारलं तर कापसाचा व्यापार म्हणा. बाईंना घरंदाज माणसं लागतात." बाईंनी आडनाव ऐकलं, पण पुण्याहून कुणालाही बोलावलं नाही. वडील काय करतात, एवढंच विचारलं. मी म्हणाले, कापसाचा व्यापार. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या, "रविवारी आई-वडिलांना घेऊन या. माणसं बघितल्याशिवाय मी किल्ली देत नाही."

रविवारी स्टँडवरून रिक्षानं येताना मी आब्बांना सांगितलं, बाईंनी विचारलं तर व्यापार म्हणा. आब्बा बाहेर बघत होते. "बरं," म्हणाले. आई नुसती हसली. वर गेल्यावर तिनं दोन्ही बेडरूमची दारं लावून बघितली, उघडून बघितली, परत लावली. मग कडी लागते का तेही बघितलं. मला घर तिथंच पसंत पडलं.

बाईंनी आम्हाला आणि एजंटाला खाली चहाला बोलावलं आणि आई-आब्बांना दिवाणावर बसवलं. आब्बा टेकले आणि त्यांचा तळहात गादीवरून फिरायला लागला. तो हात मला ठाऊक होता. आब्बा कुठंही बसले की आधी गादी तपासतात. लग्नात, दवाखान्यात, एकदा तर मयताच्या घरीसुद्धा. मी आईकडे बघितलं, आई छताकडे बघत होती. आब्बांनी गादी दोन ठिकाणी दाबली, उठून उभे राहिले आणि सरळ तिचा कोपरा उचलला.

"बाई, रागवू नगा," ते म्हणाले. "ही कुणी भरली? आत गिरणीचा चुरा हाय, वर तेवढा चांगला कापूस लावलाय. मधी गोळं झाल्यात बगा. तुमची कंबर दुकती का न्हाई?"

"दुखते," बाई म्हणाल्या. मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "पण व्यापाऱ्याला गादीतलं एवढं कसं कळतं?"

एजंट खोकला. आब्बांनी कोपरा खाली ठेवला, चादर सारखी केली.

"व्यापारी न्हाई मी. पिंजारी हाय. चाळीस वरसं गाद्या भरतोय. लेकीनं व्यापारी सांगितलं आसंल, तर तिला वाईट समजू नगा. आमास्नी एक खोली मिळावी म्हनून बोलली ती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी स्वतः ती गादी एकदा दाबून बघितली. मग म्हणाल्या, "असं करा, ही गादी तुम्हीच भरून द्या. पहिल्या महिन्याचं भाडं नको मला."

एजंटाचा चेहरा उजळला. आब्बांनी मान हलवली. "गादी भरून देतो, तिची मजुरी तुमी द्या. भाडं माझी लेक देती. दोन्हीचा मेळ नगं. आन् घर द्यायचं नसंल तरी गादी मी भरून देनारच. असल्या गादीवर मानसानं झोपू न्हाई."

मला त्यांचा फार अभिमान वाटला. आमच्या खोलीत कापसाच्या ढिगात उकिडवा बसणारा माझा बाप परक्याच्या दिवाणखान्यात इतका ताठ उभा राहू शकतो, हे मला तिशी ओलांडल्यावर कळत होतं.

बाई उठल्या, कपाट उघडलं आणि भाडेकरूंच्या माहितीचा पोलिसांचा फॉर्म माझ्यापुढे ठेवला. "भरा. आणि सगळं खरं लिहा. मी तीस वर्षं वह्या तपासल्यात."

नावं, वय, गावचा पत्ता लिहून झाला. सोबत राहणाऱ्यांचा व्यवसाय, या रकान्याशी माझं पेन थांबलं. पाचवीपासून घरातले सगळे फॉर्म मीच भरत आले होते, कारण माझं अक्षर चांगलं. शाळा, शिष्यवृत्ती, वसतिगृह, कॉलेज. वडिलांचा व्यवसाय : व्यापार. प्रत्येक वेळी हेच. एजंटानं मला नवीन काही शिकवलं नव्हतं. मी लिहायची, सहीच्या जागेवर बोट ठेवायची आणि आब्बा सही करायचे. बोट ठेवलंय तिथं ते सही करतात, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. पण आब्बा चौथी शिकलेले. गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या वाचतात, एसटीच्या पाट्या वाचतात. 'व्यापार' हा शब्द त्यांना वाचता येत होता. त्यांनी तो दर वेळी वाचला होता आणि काही न बोलता खाली सही केली होती.

मी रकान्यात लिहिलं, पिंजारी. आणि या वेळी कुठंही बोट न ठेवता फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला.

आब्बांनी खिशातून चष्मा काढला. वरपासून एकेक ओळ वाचत खाली आले, त्या शब्दापाशी थांबले. "अक्षर लय चांगलं हाय तुजं," म्हणाले, आणि सही केली.