देविदासचा गाण्यांचा डब्बा

मला लिहायची सवय नाही. जन्मभर कापडावर खडूनं रेघा ओढल्या, कागदावर क्वचितच. तरी देविदासची हकिकत लिहून ठेवावीशी वाटली, कारण तांड्यात ती जो तो आपल्या बाजूनं सांगतो आणि मी कुणाच्याच बाजूचा नव्हतो. निदान मला तसं वाटतं.

औंढ्यात देवळाकडं जाणाऱ्या रस्त्याला माझं शिलाईचं दुकान आहे. त्याला लागून देविदासचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं. मधे पत्र्याची भिंत. तो राहायला जवळा बाजारच्या वाटेवरच्या बंजारा तांड्यात. माणूस किडकिडीत, बोलायला कमी आणि संशयी. बसायचा ते पाठ भिंतीला लावून. कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यावर त्यानं काळी चिकटपट्टी डकवलेली. त्याचं कारणही होतं. मागं त्यानं तांड्यातली गाणी गोळा करून मोबाइलमधल्या कुठल्याशा ॲपवर ठेवली होती. एके दिवशी ते ॲपच बंद पडलं आणि गाणी गेली. कुणाला विचारावं तेही कळेना.

त्यानंतर त्यानं एक जुना कॉम्प्युटर घरी आणला. त्यावर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स घातलं आणि पुन्हा दारोदार जाऊन होळीची, लग्नाची, बारशाची गाणी त्यात भरली. तांड्यातलं कुणीही आपल्या मोबाइलवर ती घरबसल्या ऐकू शकायचं. इंटरनेट लागायचं नाही, देविदासच्या घरचं वायफाय पुरायचं. तांड्यानं त्याला नाव दिलं 'डब्बा'.

पण लोकांना लिनक्सचाच संशय. "फुकट हाय म्हणतो. फुकट काहून देतील?" हा प्रश्न गुलाबसिंगचा. गुलाबसिंग तांड्याचा नाईक, आणि जमनाबाईचा थोरला मुलगा.

आता खरी गोष्ट जमनाबाईपाशी होती. तांड्याचे पूर्वज बैलांवर मीठ लादून मुलूख फिरायचे, त्या वाटांचं एक लांबलचक गाणं आहे. ते पूर्ण येणारी तांड्यात ती एकटीच उरली होती. देविदासची ती काकी लागते. बारीकसारीक गाणी तिनं म्हणून दिली होती. मोठं गाणं मात्र, "आधी डब्ब्यात माझा आवाज कसा वाजतो ते पाहीन, मग म्हणीन," असं तिनं सांगून ठेवलं होतं. छातीत कफ भरायचा, दम पुरत नव्हता. देविदासला तेवढं एकच गाणं हवं होतं आणि वेळ थोडा होता.

तिला कमी ऐकू यायचं म्हणून त्यानं वायर नसलेला हेडफोन घेतला. त्याला माइकही होता. कॉम्प्युटरला जोडून काकीच्या कानांवर चढवला आणि तिचंच एक गाणं लावलं. मी त्या दिवशी झंपरांची मापं घ्यायला तांड्यात गेलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. पहिल्यांदा म्हातारी लाजून हसली. मग देविदासनं पडद्यावर एक छोटी खिडकी उघडली, आणि तिचं तोंड एकदम उतरलं.

"ही मी न्हाई," ती म्हणाली. "पत्र्याच्या डब्यात कुणी रडून राहिलं."

देविदासनं स्वतःच्या कानाला लावून पाहिलं. आवाज खरंच फोनवरच्यासारखा चपटा झाला होता. तेवढ्यात मागं उभ्या गुलाबसिंगनं पडद्यावर बोट ठेवलं. तिथं एक हिरवी पट्टी होती. कुणी बोललं की ती उडायची.

"हे काय हाय?"

"माइक, नाईक. हेडफोनचा."

"आमी बोललो की हालून राहिलं. म्हंजे आमचं ऐकून राहिलं?"

"ऐकून राहिलं का तेच पाहायला मी ही खिडकी उघडतो. मला बी डाऊट असतो."

"तुला बी डाऊट अन् आमाला बी डाऊट. मग बराबर हाय," गुलाबसिंग म्हणाला. "आजपासून ही खिडकी बंद करायची न्हाई. येता-जाता सगळ्यांना दिसली पाहिजे. अन् आईचा आवाज सुधरला न्हाई तर तिचं सगळं मिटवून टाकायचं. बाहेर कुणाला विकून राहिला असशील तर देवाला माहीत."

देविदासनं खिडकी उघडीच ठेवली. खरं सांगायचं तर माझ्याही मनात आलं होतं, की हा दुकान बंद करून एवढी गाणी कशासाठी जमवतो? पोट भरलेलं नसताना?

त्यानंतर हेडफोन तांड्यात एकदाही धड वाजला नाही. देविदासनं तो खोलला, पुसला, ब्लूटूथ काढून परत जोडलं. लिनक्सचं आवाजाचं सगळं सामान नव्यानं घातलं. काकीनं कानाला लावला की तेच, पत्र्याच्या डब्यातलं रडं. तिनं बाकीची गाणीही म्हणायची सोडली. पोरीबाळी डब्ब्याजवळून जाताना पदर तोंडावर घेऊन कुजबुजायला लागल्या.

चमत्कार असा की तोच हेडफोन औंढ्याच्या दुकानात स्वच्छ वाजायचा. दुकानातल्या कॉम्प्युटरवरही लिनक्सच होतं. मला वाटलं, तांड्यात कुणीतरी मुद्दाम बिघडवतंय. देविदासलाही तेच वाटत असावं. तो एकेकाची नावं घ्यायचा आणि स्वतःच खोडायचा.

एका दुपारी पत्र्यापलीकडून त्याची हाक आली. "टेलरमामा, या बरं जरा."

गेलो. हेडफोन त्यानं माझ्या डोक्यावर ठेवला. गाणं छान चाललं होतं. मग त्यानं सवयीनं ती माइकची खिडकी उघडली आणि गाणं चपटं झालं. बंद केली, गाणं परत भरलं. पुन्हा उघडली, पुन्हा चपटं.

"ती पट्टी दाखवायची म्हंजे खिडकीला माइक ऐकावाच लागतो," तो हळू म्हणाला. "अन् माइक चालू झाला की हेडफोन स्वतःला फोन समजतो. माइक अन् चांगलं गाणं, दोन्ही ह्याला एकदम झेपत न्हाई. दुसरं कुणी ऐकत नव्हतं, मामा. आमीच पाहत होतो कुणी ऐकतं का."

मला हसू आलं, पण तो हसला नाही. दुकानाचं शटर ओढून मलाच गाडीवर मागं बसवून तांड्यात निघाला. साक्षीदार पाहिजे म्हणाला.

तांड्यात त्यानं गुलाबसिंगच्या हातानंच खिडकी बंद करायला लावली. काकीच्या कानात गाणं स्वच्छ झालं. तिनं मान डोलावली. गुलाबसिंगनं खिडकी उघडली, काकीनं तोंड वाकडं केलं.

"म्हंजे मी पाहिलं की बिघडतं अन् न्हाई पाहिलं की बराबर," गुलाबसिंग म्हणाला. "चोराचं बी असंच असतं, देविदास."

देविदासचे कान लाल झाले. त्यानं सेटिंगमध्ये एक ओळ लिहिली आणि हेडफोनचा माइक कायमचा तोडला. मग खिडकी उघडी ठेवूनही गाणं स्वच्छ राहिलं. मला वाटलं, मिटलं. पण गुलाबसिंगनं पडद्याकडं पाहिलं, मग त्याच्या बोटांकडं.

"एका ओळीत बंद करता येतं. मग एका ओळीत चालू बी करता येत असंल?"

"येतं," देविदास म्हणाला.

खोटं बोलला असता तर बरं, असं मला वाटून गेलं. मग त्यानं डब्ब्याच्या वायरी काढल्या, डब्बा छातीशी धरला आणि गुलाबसिंगच्या घरात नेऊन फळीवर ठेवला. पडदा आणि वायफायचं यंत्रही. पासवर्ड भिंतीवर खडूनं लिहिला.

"ठेवा तुमच्यापाशी. काकीला तेवढं म्हणू द्या."

मागोमाग आलेली जमनाबाई खाटेवर सरसावून बसली. देविदासनं दुसरा, वायरचा माइक तिच्यापुढं मांडला. गुलाबसिंग दारात खुर्ची टाकून पहाऱ्याला बसला. म्हातारीनं त्याच्याकडं पाहिलं.

"तू उठ."

"मी काहून? घर माझं हाय."

"ह्या गाण्यात म्हणणारीची सासू येते, नवरा येतो. तुझ्या बापाचं बी येतं. पोराच्या तोंडावर म्हणू व्हय? मागून डब्ब्यात ऐक. अन् देविदास, तू बी उठ. तू बी पोरगंच."

"मग बटण कोण दाबणार, काकी?"

तिनं माझ्याकडं बोट केलं. "टेलरमामा. त्यायला आमची बोली कळत न्हाई."

ते खरं होतं. इतकी वर्षं तांड्यात जातोय, पण त्यांची गोरमाटी बोली मला चार शब्दांपलीकडं येत नाही. देविदासनं मला दोन बटणं दाखवली, सुरू करायचं आणि थांबवायचं. दोघे बाहेर गेले. ओट्यावर एकमेकांकडं पाठ करून बसलेले मला दारातून दिसत होते.

म्हातारी म्हणत गेली. मधे खोकली, पाणी प्याली, परत तिथूनच उचललं. मला एक अक्षर कळलं नाही. एका ठिकाणी ती हसली आणि पदरानं डोळे पुसले, ते कशाचं होतं तेही नाही. मी फक्त पट्टी उडते की नाही ते पाहत होतो आणि चुकीचं बटण तर दाबलं नाही ना या भीतीनं घामाघूम झालो होतो.

दाबलं नव्हतं. गाणं सगळं आलं होतं. देविदासनं शेवटचा तुकडा लावून पाहिला आणि तिथंच जमिनीवर बसला.

गुलाबसिंगनं हेडफोन उचलला. कानावर चढवायच्या आधी मला म्हणाला, "बापाचं काय म्हणली?"

"मला कळलं नाही."

"एवढा वेळ बसले अन् काहीच न्हाई?"

"काहीच नाही, नाईक."

त्यानं हेडफोन चढवला. गाणं सुरू झालं. ते संपेपर्यंत त्यानं माझ्यावरची नजर काढली नाही.